चकाकतं तेच तापतं

चकचकीत पत्रा ऊन परतवून लावतो आणि म्हणून गार राहतो, असं ज्याला मनापासून वाटतं त्याने मे महिन्यात दुपारी दोन वाजता अकोल्यात कुठल्याही घराच्या पत्र्यावर तळहात टेकवून पाहावा. नुसता टेकवावा, ठेवून धरणं जमणार नाही. तरी हे वाक्य मरत नाही. पत्र्याच्या दुकानात गल्ल्यावरचा माणूस ते म्हणतो, सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी म्हणतात, आणि बांधकामातून निवृत्त झालेले जे एक काका प्रत्येक सभेत असतातच, ते मान डोलावतात. गल्ल्यावरच्या माणसावर माझा राग नाही. त्याला माल खपवायचा आहे. राग काकांवर आहे, कारण त्यांच्याकडे पदवी आहे.

या सगळ्याचं मूळ शाळेत घोकलेल्या एका ओळीत आहे: काळा रंग उष्णता शोषतो, पांढरा परावर्तित करतो. ओळ खोटी नाही, अर्धी आहे. शोषलेल्या उष्णतेचं पुढे काय होतं, हे त्या ओळीत नाही आणि परीक्षेतही कोणी विचारत नाही. ती पत्र्यातच मुरून बसत नाही. थोडी वारा नेतो, थोडी खाली खोलीत उतरते, आणि उरलेली पत्र्याने स्वतः प्रारण करून आकाशाकडे फेकायची असते. काही पृष्ठभाग ती उदारपणे फेकतात, काही मुठीत धरून बसतात. म्हणजे छपराचा जमाखर्च पाहायचा तर दोन आकडे लागतात: उन्हापैकी किती आत घेतलं ती शोषकता, आणि तापल्यावर किती बाहेर टाकलं ती उत्सर्जकता. आपण जमेची बाजू वाचतो, खर्चाचं पान उलटतच नाही, आणि वर छपराला दिवाळखोर म्हणतो.

हे पान काही काल-परवा लिहिलेलं नाही. १८०४ साली स्कॉटलंडच्या जॉन लेस्लीने पत्र्याचा पोकळ घन घेतला, त्यात गरम पाणी भरलं, आणि त्याची एक बाजू घासून लखलखीत ठेवली, एकीला दिव्याची काजळी फासली. पाणी एकच, धातू एकच, तापमान एकच. तरी काजळीच्या बाजूने फेकलेली उष्णता लखलखीत बाजूच्या कितीतरी पट निघाली. त्याच सुमारास काउंट रम्फर्डने पितळेची दोन सारखी नळकांडी गरम पाण्याने भरली. एक उघडं ठेवलं, दुसऱ्याला तागाच्या कापडाचा घट्ट अंगरखा चढवला. अंगरखेवालं आधी गार झालं. कापड म्हणजे ऊब, एवढंच ठाऊक असलेल्यांना हे आजही पटत नाही. पितळेची चकाकी उष्णता सोडायला तयार नव्हती आणि कापड ती खुशाल सोडत होतं, एवढाच त्याचा अर्थ. पुढे १८५९-६० मध्ये किर्कहॉफने नियमच मांडला: ज्या तरंगलांबीला पृष्ठभाग चांगलं शोषतो, त्याच तरंगलांबीला तो चांगलं उत्सर्जन करतो.

यातला ‘त्याच तरंगलांबीला’ हा भाग आमच्या काकांनी वर्गात झोपेत घालवलेला दिसतो. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअसचा. त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा अडीच मायक्रॉनच्या आत येते. त्यातली निम्म्याहून कमी आपल्या डोळ्यांना दिसणारी आणि जवळपास निम्मी अवरक्त, म्हणजे न दिसणारी. छप्पर मात्र साठ अंशांचं. ते जे फेकतं ते नऊ-दहा मायक्रॉनच्या आसपास. येणारी उष्णता एका पट्ट्यातली, जाणारी अगदी दुसऱ्यातली. एका पट्ट्यातला पृष्ठभागाचा स्वभाव दुसऱ्यात तसाच असेल असं मुळीच नाही. साधा पांढरा ऑइलपेंट उन्हापैकी पाऊणएक भाग परत पाठवतो आणि दहा मायक्रॉनला जवळपास काळ्या रंगाइतकाच काळा असतो. त्याची उत्सर्जकता ०.९ च्या घरात, काळ्या रंगाचीही तेवढीच. चुना, वीट, काँक्रीट, कौल, लाकूड, कागद, सगळे याच घरातले. या घराबाहेर राहतो तो उघडा धातू. घासलेल्या अॅल्युमिनियमची उत्सर्जकता ०.०५ च्या आसपास, नव्या जस्ताच्या पत्र्याची त्याहून थोडी अधिक. म्हणजे ‘कोणता रंग उष्णता जास्त फेकतो’ हा प्रश्नच चुकीचा. रंग कुठलाही असो, तो फेकतो. फेकत नाही ती चकाकी.

(जाता जाता एक. माणसाची कातडी, गोरी असो की काळी, या पट्ट्यात ०.९७-०.९८ उत्सर्जकतेची निघते. विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी’ लिहिणाऱ्यांनी अवरक्त कॅमेऱ्यातून वधू पाहावी. सगळ्या सासवा एकदम समदर्शी होतील.)

आता आकड्यांवर येतो, कारण शिव्या देण्याचा अधिकार आकड्यांनी मिळतो. बाहेर ३८ अंश, वारा मंद, डोक्यावर दर चौरस मीटरला १,००० वॉट ऊन. खाली खोलीत जाणारी उष्णता सोयीसाठी सोडून दिली आणि कागदावर हिशेब मांडला, तर काळा रंग दिलेला पत्रा सुमारे ७७ अंशांवर थांबतो. पांढरा रंग दिलेला ४४ च्या आसपास. आणि तीन-चार पावसाळे खाल्लेला, राखाडी पडलेला, उघडा जस्ताचा पत्रा? तो थांबतो ७५ वर. उघड्या जुन्या पत्र्यात आणि डांबर फासलेल्या पत्र्यात फरक दोन अंशांचा. नवा कोरा चकचकीत पत्रा याहून बरा, साठीच्या घरात. पण नवेपणा किती दिवसांचा? धूळ बसते, जस्त काळवंडतं, ऊन घेण्याची भूक दुप्पट होते, आणि उष्णता फेकण्याची दानत मात्र फारशी वाढत नाही. वारा वाढला की सगळे आकडे खाली येतात, पण क्रम बदलत नाही. काळ्या पत्र्याला निदान तो काळा आहे एवढा प्रामाणिकपणा असतो.

हा हिशेब ज्यांना कळतो ती माणसं आपल्याच गच्चीवर येऊन गेलेली आहेत. पुण्यात गच्चीगच्चीवर सौर बंब दिसतात. त्यातल्या काचनळ्यांवरचा गडद लेप उन्हातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग गिळतो आणि दहा मायक्रॉनच्या पट्ट्यात धातूसारखा वागतो, म्हणजे मिळवलेली उष्णता परत फेकत नाही. अशा निवडक लेपांवर इस्रायलच्या हॅरी टेबरने १९५० च्या दशकात काम केलं. ‘काळं शोषतं तेवढंच फेकतं’ हे सरसकट खरं असतं तर हा लेप निघालाच नसता. छपराला हवं त्याच्या नेमकं उलट: ऊन नको, फेकणं हवं. सोलरवाला येतो, दोन्ही आकडे सांभाळलेली वस्तू बसवून जातो. त्याच गच्चीवर, त्याच्या शेजारी, बिल्डर एकही आकडा न सांभाळता पत्र्याची शेड ठोकतो. आणि दोघांची बिलं एकाच सभेत, एकाच आवाजी मतदानाने मंजूर होतात.

ही शेड हा स्वतंत्र आजार आहे. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींच्या गच्च्यांवर चायना मोझेक असायचं, पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे जोडून केलेलं. ऊन परतवणारं, उष्णता फेकणारं, धुता येणारं. गळती लागली की आपण ते दुरुस्त करत नाही. त्यावर विटकरी रंगाचं वॉटरप्रूफिंग ओततो, कारण विटकरी ‘रिच’ दिसतं. मग तेही गळतं. मग शेड.

आमच्या सोसायटीत या शेडसाठी एका कंपनीचा माणूस आला होता. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, तो शहरात सगळीकडे तोच असतो, फक्त टाय बदलतो. त्याने खिशातून अवरक्त थर्मामीटर काढला, करोनाच्या काळात जो प्रत्येकाच्या कपाळावर रोखला जायचा त्याचाच थोरला भाऊ. ऊन खात पडलेल्या चकचकीत पत्र्याच्या नमुन्यावर रोखला: आकडा तिशीत. शेजारच्या गच्चीच्या काँक्रीटवर रोखला: जवळपास दुप्पट. सभेत कौतुकाचा हुंकार उठला. काकांनी मान डोलावली.

ही बंदूक तापमान मोजत नाही, येणारं प्रारण मोजते, आणि समोरच्या पृष्ठभागाची उत्सर्जकता ०.९५ असेल असं गृहीत धरून तापमान काढते. काँक्रीटवर, कातडीवर, रंगावर ती बऱ्यापैकी खरं बोलते. चकचकीत धातूवर ती आरशात पाहते. पत्रा स्वतः फारसं फेकतच नाही, त्यामुळे बंदुकीला दिसतं ते त्यात पडलेलं आकाशाचं प्रतिबिंब, आणि आकाश गार असतं. मी औषधाच्या दुकानातून पांढरी कागदी चिकटपट्टी आणवली, पत्र्यावर चिकटवली, थोडं थांबलो आणि त्या माणसाला म्हटलं, आता पट्टीवर रोखा. आकडा पन्नाशीच्या पलीकडे. पट्टी पांढरी, पत्र्याला घट्ट चिकटलेली, म्हणजे तापमान पत्र्याचंच. फक्त ती उष्णता न लपवता फेकत होती. माणूस थोर होता. तो म्हणाला, “सर, पट्टीमुळेच पत्रा तापला.” सभेला ते पटलं. ठराव मंजूर झाला. मी विरोधात एकटा होतो आणि इतिवृत्तात माझं नाव चुकीचं लिहिलं आहे.

चकाकी टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. ती चुकीच्या बाजूला लावली जाते, हे माझं म्हणणं आहे. वरून साठ अंशांना तापलेला पत्रा खालच्या बाजूनेही प्रारण करतो, थेट खाली बसलेल्या माणसांच्या डोक्यावर. खालची बाजू रंगवलेली, गंजलेली किंवा चुलीच्या धुराने काळवंडलेली असेल तर दर चौरस मीटरमागे दीडशे वॉटच्या वर खाली येतात. तीच बाजू लखलखीत धातूची असेल तर वीसच्या आतबाहेर. पत्रा तितकाच तापलेला, हवा तितकीच, पण डोक्यावरचा मारा सात-आठ पटींनी कमी. म्हणून वर पांढरा रंग आणि खाली चकाकी, हा शहाणा क्रम. आपण काय करतो? वर चकाकी ठेवतो, कारण ती रस्त्यावरून दिसते. आणि खालून ‘घरात बरं दिसावं’ म्हणून क्रीम किंवा आकाशी ऑइलपेंट मारतो. इतकं अचूक उलटं करायलाही अक्कल लागते.

पत्र्याखाली लावायचा अॅल्युमिनियमचा वर्ख बाजारात मिळतो आणि तो खरंच काम करतो, एका अटीवर: त्याच्या चकचकीत बाजूला हवेची फट हवी. प्रारण अडवायचं तर प्रारण व्हायला आधी जागा लागते. आमचे मिस्त्री तो वर्ख पत्रा आणि प्लायच्या मध्ये दाबून, स्क्रू मारून, सँडविच करून टाकतात. मग उष्णता स्पर्शाने सरळ पार जाते आणि मालक म्हणतो, फॉइलचा काही उपयोग नाही. उपयोगाची जागाच ठेवली नाहीत, तर तो बसणार कुठे?

२०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्रयान-३ उतरलं तेव्हा वाहिन्यांवर लँडरला ‘सोन्याचं’ आवरण आहे म्हणून गदगदून सांगितलं जात होतं. ते पॉलिइमाइडचं पिवळसर पटल असतं, त्यावर अॅल्युमिनियमचा अतिपातळ थर, आणि अशी पटलं एकावर एक, मध्ये अंतर ठेवून. हवा नसलेल्या जागी उष्णतेला प्रारणाखेरीज मार्ग नाही, म्हणून तिथे पृष्ठभाग हेच सर्वस्व. आणि उपग्रहाला जिथे उष्णता बाहेर टाकायची असते, तिथे उघडी चांदी लावत नाहीत. चांदीवर काच बसवतात किंवा पांढरा रंग देतात. चांदी ऊन परतवते, काच उष्णता फेकते. आपले शास्त्रज्ञ हे चंद्रापर्यंत नेऊन दाखवतात, आणि जमिनीवर शाळेच्या खोलीवर उघडा जस्ताचा पत्रा ठोकला जातो.

रात्रीची गोष्टही याच हिशेबातली. १७७५ साली रॉबर्ट बार्करने अलाहाबादकडे बर्फ कसा करत त्याची हकिगत छापली: उघड्यावर, काडीकचऱ्याच्या थरावर, उथळ मातीच्या परळांत पाणी ठेवायचं, हिवाळ्यातल्या निरभ्र, शांत रात्री हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही पाणी गोठायचं. पाणी आपली उष्णता आकाशाकडे फेकत होतं, कारण ८ ते १३ मायक्रॉनच्या पट्ट्यात कोरडं आकाश खिडकीसारखं जवळपास उघडं असतं. १८१४ मध्ये विल्यम वेल्सने दवावर पुस्तक लिहिलं, त्यात हेही आलं की घासलेल्या धातूवर दव कमी पडतं. धातू फेकत नाही, म्हणून गार होत नाही. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळी रात्रीत रंगवलेलं छप्पर या खिडकीचा फायदा घेतं. उघडा पत्रा घेत नाही. कोकणात दमट हवेमुळे ही खिडकी अर्धवट मिटलेली असते, तिथे उत्सर्जकतेचा लाभ थोडा कमी. पण दिवसाचं ऊन परतवण्याचा लाभ तिथेही तेवढाच.

अलीकडे यावर चमकदार काम झालं आहे. २०१४ मध्ये स्टॅनफर्डमध्ये आस्वथ रामन आणि शानहुई फान यांनी असा थरांचा पृष्ठभाग केला, जो भर उन्हात हवेपेक्षा सुमारे पाच अंश गार राहिला. पर्ड्यू विद्यापीठात बेरियम सल्फेटचा पांढरा रंग झाला, ९८ टक्क्यांहून अधिक ऊन परतवणारा. बातम्या आल्या आणि आमच्याकडच्या रंगवाल्यांच्या डब्यांवर लगेच ‘नॅनो’, ‘नासा’ आणि ‘९८%’ उगवले. मी अशा एका डब्यामागचा मजकूर भिंग लावून वाचला. ९८ टक्के कशाचे, दिसणाऱ्या प्रकाशाचे की सगळ्या उन्हाचे? उत्सर्जकता किती? नवा असताना, की तीन वर्षांनी? यातलं काहीच नव्हतं. अमेरिकेत छपराच्या मालाला मानांकन देताना तीन वर्षं उघड्यावर ठेवलेल्या नमुन्याचे आकडेही जाहीर करतात, कारण पांढरा मळतो हे त्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे डब्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र असतं.

सरकारला हे ठाऊक नाही असं कृपा करून म्हणू नका. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत थंड छपरासाठी दोन्ही आकड्यांच्या किमान मर्यादा दिलेल्या आहेत, परावर्तनाचीही आणि उत्सर्जकतेचीही. म्हणजे कायद्याला जमाखर्च कळतो. फक्त ती संहिता मोठ्या वीजजोडाच्या इमारतींसाठी आहे, जिथे बहुधा आधीच वातानुकूलन आहे. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे झोपडपट्ट्यांतल्या छपरांना पांढरा लेप द्यायचं काम हाती घेतलं. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं. आपण दोघांच्या मधोमध बसलो आहोत आणि दर एप्रिलला ‘भरपूर पाणी प्या’ असं पत्रक काढतो.

काँक्रीटच्या छपराला चुना पुरतो. दरवर्षी गुढीपाडव्याच्या आधी मारावा लागतो, पावसात निघून जातो, स्वस्त असतो. पत्र्यावर तो टिकत नाही, पापुद्रे सुटतात. तिथे धूळ-गंज खरवडून, प्रायमर देऊन पांढरा रंगच लागतो. ही काही संशोधनाची बाब नाही, ब्रश आणि शिडीची आहे.

मध्यंतरी एका गावातल्या शाळेच्या दोन खोल्यांच्या छपराचं अंदाजपत्रक माझ्या हाती आलं. पत्र्याची जाडी होती, लांबी होती, हुकांची संख्या होती, वाहतुकीचा दर होता. रंगाच्या जागी लिहिलं होतं: ‘आवश्यकता नाही’. ज्यांनी ते केलं त्यांना विचारलं की पांढरा का नाही. “पांढरा लवकर मळतो, साहेब.” हे सांगणाऱ्यांच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट होता आणि शेजारी बसलेल्या पदाधिकाऱ्यांच्या अंगात त्याहून शुभ्र कुर्ता. दोन्ही रोज धुतले जातात. दोन खोल्यांचं छप्पर वर्षातून एकदा धुवायला दोन माणसं, एक पाइप आणि अर्धा दिवस लागतो. तो खर्च अंदाजपत्रकात दाखवायला रकाना नाही, असं मला सांगण्यात आलं.